फडताळाची किल्ली

पुस्तक वाचून काही वर्षं लोटली की त्यातली माणसं पुसट होतात आणि एखादी वस्तू मात्र मनात राहून जाते. तातियाना द रोस्ने यांची ‘साराज् की’ ही कादंबरी मी वाचली त्याला आता बराच काळ झाला. पॅरिसमधल्या गल्ल्यांची नावं मला धड उच्चारता येत नाहीत, पात्रांची आडनावंही मधूनमधून निसटतात. पण दहा वर्षांच्या एका मुलीच्या खिशातली किल्ली मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही.

१६ जुलै १९४२ ची पहाट. पॅरिसमधल्या एका ज्यू कुटुंबाच्या दारावर पोलिसांची थाप पडते. बाप तळघरात लपलेला, कारण नेतात ते पुरुषांनाच, अशी सगळ्यांची समजूत. दारात उभे राहिलेले शिपाई मात्र आईला आणि मुलीला कपडे भरायला सांगतात. चार वर्षांचा धाकटा भाऊ हट्ट धरतो, मी नाही येणार. मुलांच्या खोलीत भिंतीतलं एक फडताळ असतं, सहज नजरेला न येणारं. दोघांची खेळायची, लपायची जागा. आत उशा, खेळणी, प्यायचं पाणी. मुलगी भावाला त्यात बसवते, बाहेरून कुलूप लावते आणि किल्ली खिशात टाकते. थोड्याच वेळात परत येऊन तुला काढते, असं त्याला वचन देते. तिचा हिशेब सरळ आहे. पोलीस नेतील, चौकशी करतील, संध्याकाळपर्यंत सोडतील.

हे सगळं कथेच्या सुरुवातीलाच घडतं. आणि पान उलटल्यावर आपण एकदम २००२ सालात येतो. ज्युलिया नावाची एक अमेरिकन पत्रकार, लग्न होऊन पॅरिसमध्ये स्थायिक झालेली, साठ वर्षांपूर्वीच्या त्या धरपकडीवर लेख लिहायला घेते. पुढचं पान पुन्हा १९४२. मग पुन्हा २००२. अशा लहान लहान प्रकरणांनी ही कादंबरी दोन पेडांच्या वेणीसारखी पुढे सरकते.

ती धरपकड खरीच झाली होती. १६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत पॅरिस आणि आसपासच्या भागांतून १३,१५२ ज्यूंना पकडण्यात आलं. त्यांत ४,११५ मुलं होती. हुकमामागे जर्मन होते, पण दारं ठोठावली फ्रेंच पोलिसांनी. सोळा वर्षांखालची मुलं जर्मनांनी मागितलेली नव्हती. तीही न्यावीत, अशी सूचना फ्रान्सचे तेव्हाचे सरकारप्रमुख पिएर लाव्हाल यांनीच केली. मुलंबाळं असलेल्या कुटुंबांना आयफेल टॉवरपासून जवळच असलेल्या ‘वेल दिव’ या सायकल शर्यतींच्या बंदिस्त क्रीडागृहात कोंडण्यात आलं. जुलैचा उकाडा, बंद खिडक्या, अपुरे संडास, पाण्याचे हाल, असे काही दिवस. तिथून पितिविये आणि बोन-ला-रोलांद इथल्या छावण्यांत. छावणीत आधी आईबापांना मुलांपासून तोडून पाठवलं, मग मुलांना. ऑशविट्झला नेलेल्या त्या मुलांपैकी जवळजवळ कुणीच परत आलं नाही. ते क्रीडागृह १९५९ मध्ये पाडून टाकलं गेलं. आत काय चाललं होतं, याचं छायाचित्र उपलब्ध नाही. बाहेर ओळीनं उभ्या असलेल्या बसगाड्यांचं तेवढं आहे.

मला वाटतं, अशा ठिकाणी कादंबरीकाराला काम उरतं. आकडे इतिहासकार देतो, आणि ते त्यानंच द्यावेत. पण ४,११५ हा आकडा वाचताना आपलं मन कुठंही थांबत नाही. एका खिशातली एक किल्ली म्हटली की थांबतं.

आपल्याकडे कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा सिद्धान्त मांडतात, उत्तररंगात त्याच्या दाखल्याला आख्यान लावतात. एकाचा अर्थ दुसऱ्यानं उजळतो. दोन काळांत चालणाऱ्या कादंबरीचंही मला तसंच काहीसं वाटतं. फरक एवढाच, की इथं दोन्ही रंग एकाच वेळी चालू असतात आणि बुवा आपल्याला कुठंही समजावून सांगत नाहीत. जोडायचं काम वाचकानं करायचं.

या जोडण्यातच सगळी कळ आहे. मुलीला वाटतं, संध्याकाळी घरी जाऊ. २००२ च्या प्रकरणात ज्युलियाला जुन्या नोंदींतून कळत जातं, की त्या दिवशी नेलेली माणसं घरी परतलीच नाहीत. ते वाचून आपण पुढच्या प्रकरणात येतो, तर ती मुलगी अजून तास मोजत असते. तिला ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक झालेलं असतं. पान उलटताना आपला हात जड होतो तो त्यामुळं. हीच गोष्ट सरळ एका काळात सांगितली असती तर ती दुःखद झालीच असती, पण ही विशिष्ट घालमेल तिच्यात आली नसती.

दुसरी गोष्ट निवेदनाची. ज्युलिया ‘मी’ म्हणून बोलते. तिचा संसार, तिचं ऑफिस, नवऱ्याची बोचरी थट्टा, सगळं मोकळेपणानं सांगते. १९४२ च्या प्रकरणांत मात्र ‘मी’ नाही आणि बराच वेळ नावही नाही. ती नुसती ‘मुलगी’. सारा हे नाव आपल्यापर्यंत उशिरा पोचतं. मी शाळेत मराठी शिकवत होते, त्यामुळं सर्वनामांकडे जरा जास्तच लक्ष जातं. इथं लेखिकेनं सर्वनामातून फार मोठं काम साधलं आहे. ज्या यंत्रणेनं माणसांची यादी केली तिला ती नुसती एक मुलगीच होती. आणि आजच्या ज्युलियालाही सुरुवातीला तेवढंच माहीत असतं. नाव शोधून काढायचं आहे. ज्युलियाचा सगळा शोध म्हणजे एका सामान्यनामाचं विशेषनाम करण्याचा प्रयत्न आहे.

आमच्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्यांना आणखी एक बारकावा चटकन जाणवेल. मुलीचे आईवडील पोलंडहून आलेले. त्यांच्या फ्रेंचला परका हेल आहे. मुलगी मात्र पॅरिसमध्येच वाढलेली, तिची फ्रेंच अस्सल. पहाटे दारावर थाप पडते तेव्हा बाहेरून फ्रेंच शब्द ऐकू येतात आणि तिला क्षणभर हायसं वाटतं. जर्मन नाहीत, आपलेच पोलीस आहेत, मग काय भ्यायचं? जी भाषा आपली म्हणून ती शाळेत शिकली, खेळताना बोलली, त्याच भाषेत तिला घराबाहेर काढलं जातं. या प्रसंगात लेखिका भाषेवर एक अक्षरही भाष्य करत नाही. तरी घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना तिथं थबकायला होतं.

आता त्या फडताळाकडे येते. मुलगी आईबापांपासून तुटते, बोन-ला-रोलांदच्या छावणीतून एका मैत्रिणीबरोबर तारेखालून निसटते. हे कुणाला अतिरंजित वाटेल म्हणून सांगते, जोझेफ वाइझमान नावाचा अकरा वर्षांचा एक खराखुरा मुलगा त्याच छावणीतून एका सोबत्यासह असाच तारांतून पळाला होता आणि वाचला. कादंबरीतल्या साराला एक म्हातारं शेतकरी जोडपं आसरा देतं आणि तिच्या हट्टापायी पॅरिसला घेऊन जातं. घरात आता दुसरं कुटुंब राहायला आलेलं असतं. ती धावत आत जाते, किल्ली लावते, फडताळ उघडते.

त्याच्या पुढं साराची प्रकरणंच नाहीत. वेणीचा एक पेड तिथं तुटतो. कादंबरी अजून निम्मी उरलेली असते, पण उरलेली सगळी ज्युलियाची.

आमचं बेळगावात सात-आठ जणींचं एक वाचनमंडळ आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसायचं, एका पुस्तकावर बोलायचं, पोहे खायचे आणि निघायचं. माझ्या नातीनं बंगळूरहून आणलेलं हे पुस्तक मी मंडळात फिरवलं. ज्यांना इंग्रजी जड जायचं त्यांना मी प्रकरणं मराठीत सांगत गेले. आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या अक्का, वय ऐंशीच्या पुढं, इंग्रजी सावकाश पण स्वतः वाचणाऱ्या. त्यांनी फडताळापर्यंत वाचलं आणि पुस्तक माझ्या हातात परत दिलं.

“त्या पोराचं झालं ते वाचलं, बाई. आता ह्या बाईच्या नवऱ्याचं काय घेऊन बसायचं?”

त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. ज्युलिया पंचेचाळिशीत पुन्हा गरोदर राहते, नवऱ्याला मूल नको असतं, लग्न मोडकळीला येतं. ऑशविट्झच्या शेजारी हे सगळं ठेवायचं म्हणजे तराजूच्या एका पारड्यात डोंगर आणि दुसऱ्यात ढेकूळ. बैठकीत बहुतेकींनी अक्कांची बाजू घेतली. एकीनं तर म्हटलं, ही दुसरी गोष्ट नसती तर पुस्तक शंभर पानांत संपलं असतं आणि अधिक चांगलं झालं असतं.

मी तेव्हा जे म्हटलं ते आजही म्हणेन. दुसरी गोष्ट ज्युलियाच्या नवऱ्याची नाहीच, ती घराची आहे. ज्या घरात ते फडताळ होतं, तिथं जुलै १९४२ च्या अखेरीस राहायला आलेलं कुटुंब म्हणजे ज्युलियाच्या नवऱ्याचं आजोळ नव्हे, सख्ख्या आजोबांचं घर. तिचे सासरे तेव्हा लहान होते आणि सारानं फडताळ उघडलं तेव्हा तिथं हजर होते. त्यांच्या वडिलांनी त्यांना ताकीद दिली, यातलं घरी कुणाला काही बोलायचं नाही. साठ वर्षं ते बोलले नाहीत. वडील मात्र गुपचूप त्या शेतकरी जोडप्याकडे साराच्या पालनपोषणासाठी पैसे पाठवत राहिले. आणि २००२ मध्ये तेच घर दुरुस्त करून ज्युलियाचा नवरा राहायला निघालेला असतो. भिंती पाडायच्या, नवा रंग द्यायचा.

या माणसांनी कुणाला मारलेलं नाही. कुणाला पकडून दिलेलं नाही. एक रिकामं घर मिळालं, त्यात ती राहिली. ते रिकामं का झालं, हे विचारलं नाही. नाझींचा छळ सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. पण नंतर राहायला आलेल्या साध्या, सुशील माणसांनी काय जाणून घ्यायचं आणि जाणल्यावर काय करायचं, हे विचारणारी त्या मानानं कमी. तो प्रश्न १९४२ च्या पेडात मावला नसता. त्याला दुसरा काळ लागतोच.

फ्रान्सनंही देश म्हणून हा प्रश्न फार काळ टाळला. ते व्हिशीचं सरकार होतं, तो खरा फ्रान्स नव्हे, असं अधिकृतपणे म्हटलं जाई. १६ जुलै १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी त्या धरपकडीच्या स्मृतिदिनी प्रथमच फ्रेंच राज्याची जबाबदारी कबूल केली. मध्ये त्रेपन्न वर्षं गेली. ज्युलियाच्या सासऱ्यांचं मौन आणि सरकारचं मौन लेखिकेनं न बोलता शेजारी ठेवलं आहे.

साराचा पेड तोडण्यामागचं कारण मला दुसऱ्या वाचनात उमगलं. फडताळ उघडल्यानंतर ती जगली, मोठी झाली, अमेरिकेला गेली, लग्न केलं, तिला मुलगा झाला. पण त्या दिवसाविषयी ती मुलाशी कधी बोलली नाही. आपली आई ज्यू होती हेही त्याला ठाऊक नव्हतं. १९७२ मध्ये मोटारीच्या अपघातात ती गेली आणि तो अपघात नव्हता, हे मुलाला फार उशिरा कळतं. जी स्वतःविषयी बोललीच नाही तिच्या मनात शिरून लेखिकेनं पुढची प्रकरणं लिहिली असती तर तो खोटेपणा झाला असता. म्हणून ती थांबली. त्यानंतरची सारा आपल्याला दिसते ती इतरांच्या आठवणींतून, कागदपत्रांतून, तुकड्यातुकड्यांनी. पेड तुटण्यातच तिचं मौन आहे.

हे मी मंडळात सांगितलं तेव्हा अक्का काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांची नात येऊन पुस्तक पुन्हा घेऊन गेली. दोन महिन्यांनी अक्कांनी मला घरी बोलावलं. पुस्तक शेवटपर्यंत वाचून झालं होतं.

“तिनं पोराला सांगायला पाहिजे होतं, बाई,” त्या म्हणाल्या. “एवढं सगळं एकटीनं पोटात घेऊन जगायचं म्हणजे काय खायचं काम आहे?”

त्यांच्या माजघरात एका लहान मुलाचा जुना, पिवळा पडलेला फोटो आहे. इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यात तो कुणाचा हे मी विचारलेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं. ती हकीकत त्यांची आहे, ती मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते, की सांगताना त्यांची सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तीही ते पहिल्यांदाच ऐकत होती.

कादंबरी निर्दोष आहे असं मुळीच नाही. २००२ च्या प्रकरणांतला नवरा कागदी आहे. ज्युलियाची भाषा काही ठिकाणी मासिकातल्या सदरासारखी हलकी होते. आणि शेवट जरा जास्तच नीटनेटका लागतो. ज्युलिया आपल्या मुलीचं नाव सारा ठेवते आणि साराच्या मुलाला ते सांगते. इतक्या मोठ्या विध्वंसाची भरपाई एका बाळाच्या नावानं व्हावी, हे मनाला पटत नाही. लेखिकेलाही ती भरपाई वाटत नसावी, पण वाचकाला तशी समजूत करून घ्यायची मुभा तिनं ठेवली आहे. मला ती नको होती.

घराविषयीचा प्रश्न मात्र पुस्तक मिटल्यावरही माझ्याबरोबर आला. आमच्याकडून दोन-अडीच तासांवर कोल्हापूरजवळ गांधीनगर आहे. कापडाची मोठी घाऊक पेठ. लग्नाचा बस्ता बांधायला आमच्या भागातली कितीतरी घरं तिथं जातात, मीही गेले आहे. ती वस्ती म्हणजे एके काळची वळीवड्याची पोलिश छावणी. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची कहाणी साराच्या कहाणीपेक्षा वेगळी. ती बहुतांशी ख्रिस्ती होती आणि त्यांना देशोधडीला लावलं होतं ते सोव्हिएत राजवटीनं, सैबेरियाकडे हाकलून. ती इथून जिवंत परत गेली, हा फरक फार मोठा आहे आणि तो पुसू नये. ती गेल्यावर त्याच जागेत फाळणीत घरदार गमावलेले सिंधी निर्वासित वसवले गेले. म्हणजे एका उखडलेल्या लोकांच्या छपराखाली दुसरे उखडलेले लोक आले. वळीवड्यात वाढलेली काही पोलिश मुलं म्हातारपणी आपलं घर बघायला परत येऊन गेली आणि इथल्या लोकांनी त्यांना आत बोलावलं, चहा पाजला. नंतर राहायला आलेल्यांना एवढं करता येतं. आधी इथं कोण होतं हे ठाऊक ठेवता येतं आणि दार उघडता येतं. साराला दार उघडलं गेलं तेव्हा उशीर झालेला होता.

शेवटी या पुस्तकाच्या नावाविषयी. द रोस्ने पॅरिसजवळ जन्मलेल्या, इंग्रज आईच्या आणि फ्रेंच कादंबऱ्या लिहिणाऱ्या. फ्रान्सच्या शरमेची ही गोष्ट त्यांनी फ्रेंचमध्ये लिहिली नाही, इंग्रजीत लिहिली. घरातली गोष्ट घरच्या भाषेत सांगता येत नसेल तेव्हा दुसरी भाषा उपयोगी पडते, हे आपल्याला काही नवीन नाही. फ्रेंचमध्ये ती २००७ मध्ये दुसऱ्या कुणी केलेल्या भाषांतरातून गेली आणि जाताना नाव बदलून गेली. इंग्रजीत ‘साराची किल्ली’ आणि फ्रेंचमध्ये ‘तिचं नाव सारा होतं’ अशा अर्थाचं.

मराठीत यायची झाली तर काय नाव द्यावं, यावर आमच्या मंडळात एक अख्खी संध्याकाळ गेली. बहुतेकींना किल्ली पसंत पडली. शब्द ठसठशीत आहे, शेजारच्या कन्नड घरातही त्याला कीलीच म्हणतात, सांगावं लागत नाही. अक्कांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “किल्ली काय, कुठल्याही कुलपाची असते. पोरीचं नाव घाला.”